दोनदा दिलेलं वाक्य

१० जुलै

प्रिय वहिनी,

तुम्ही बहिणीकडे नीट पोचल्याचं दादाकडून कळलं. फोनवर तुम्ही त्याच्याशीच बोललात आणि माझ्यासाठी निरोप ठेवलात, ‘वन्संना म्हणावं, स्वयंपाकघराची खिडकी आठवणीने लावा, मांजर येतं.’ लावते आहे. मांजर तरीही येतं, कुठून ते त्यालाच ठाऊक.

बोलता बोलता मधेच शब्द सापडेनासा होईल अशी तुम्हाला भीती वाटते, म्हणून फोन नको, पत्र लिहा, असं तुम्ही म्हणालात म्हणे. हे ऐकून मला हसू आलं, असं लिहिणार होते. आलं नाही.

अहो, एका नाटकात एक वाक्य विसरलं म्हणून कुणी घर सोडून जातं का? आपली मंडळी हौशी. दिग्दर्शक दिवसभर औषधांच्या दुकानात बसतो, नाटकातला तुमचा मुलगा लोकांचे दात उपटतो. इथे वाक्य विसरणं हा काही गुन्हा नव्हे. मागच्या नाटकात खुद्द भोंग्याने पहिल्या अंकात मेलेल्या माणसाला तिसऱ्या अंकात ‘बसा ना’ म्हटलं होतं. (दिग्दर्शकाला भोंगा हे नाव तुम्हीच ठेवलंत, विसरला नाहीत ना? बघा, जीभ घसरली. खोडत नाही. खोडलं तर तुम्ही जास्त विचार करत बसाल.)

तुमचं म्हणणं मला दादाने सांगितलं. ‘वाक्य विसरलं याचं काही नाही, पण वन्संनी विंगेतून दोनदा वाक्य दिलं आणि मला ऐकूच आलं नाही, हे वेगळं आहे. माझ्या आईचा विसरण्याचा आजारही असाच सुरू झाला होता, समोरचा बोलायचा आणि तिच्यापर्यंत पोचायचंच नाही.’ वहिनी, त्या दिवशी विंगेतला मोठा पंखा नुसता घरघरत होता. माझा घसाही बसला होता. मी दिलं दोनदा, पण नसेल पोचलं. यात तुमच्या डोक्याचा काय संबंध?

आणि राजीनाम्याचं काय खूळ काढलंय? गणिताची बाई अशी ऐन सत्रात शाळा सोडते का? त्या पोरांना त्रिकोणाचे कोन शिकवणार कोण, मी? मी सांगेन, बेरीज एकशेऐंशी असते असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय, पटत नसेल तर दोनशे धरा.

हसलात का? आपला जुना वाद. मी कॉलेजात दर वर्षी नव्या मुलांना नीतिशास्त्र शिकवणार, चूक-बरोबर ही माणसांनी आपापसात केलेली सोय आहे म्हणून सांगणार. रहदारीच्या नियमांसारखी, कुठे डावीकडून, कुठे उजवीकडून. आणि तुम्ही भांडी विसळता विसळता म्हणणार, ‘डावं-उजवं ठरवा हो खुशाल. पण गाडीखाली माणूस आला की चिरडतो. ते कुणी ठरवलं?’ मी म्हणणार, त्रिकोण निदान कागदावर काढता येतो, तुमची ती चूक काढून दाखवा. ‘रोज काढते,’ तुम्ही म्हणणार, ‘लाल पेनाने.’

भांडायला कुणी नाही, त्यामुळे भांडी घासण्यातही राम राहिला नाही. लवकर या.

तुमची नणंद


१९ जुलै

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर तेच, ओळी तशाच सरळ. प्रत्येक शब्द लिहिल्यावर बरोबर आहे ना म्हणून पुन्हा बघता, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्याशा पत्राला सबंध सकाळ लागली, हेही लिहिलंय.

डॉक्टरांची तारीख लांबची आहे, पण राजीनामा त्याआधीच द्यायचा, फळ्यापुढे उभी असताना असं काही झालं तर मुलांसमोर शोभा नको, हा तुमचा हिशेब वाचला. शेवटची ओळही वाचली. ‘विंगेत तुम्ही होता हे बरं झालं. दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, वाक्य दिलंच नसेल. पण वन्सं खोटं बोलायच्या नाहीत. मतं वाकडी, जीभ सरळ.’

ती ओळ वाचून मी पत्राची घडी घातली आणि काही कारण नसताना जिना झाडून काढला.

मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. आता मला असं वाटतं, की तिथे तुम्ही विराम घेताय असा माझा समज झाला. तुम्हाला माहीत आहे, प्रॉम्प्टरचं काम नुसतं वाचण्याचं नाही. कुठली शांतता अभिनयातली आणि कुठली विसरल्याची, हे ओळखण्याचं आहे. म्हणून तर तालमीत तुम्ही जिथे जिथे थांबता तिथे मी माझ्या प्रतीत पेन्सिलने आडवी रेघ मारते. त्या जागी रेघ आहे, मी आत्ताच उघडून पाहिली. तेव्हा बहुधा मी वाक्य उशिरा दिलं असेल. किंवा हळू. चूक असलीच तर माझी धरा.

दादाने काल सगळे डबे खाली उतरवले. मला वाटलं, मुंग्या झाल्या. तर त्याने पांढऱ्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या आणि त्यांवर नकाशे काढायच्या त्याच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहीत बसला होता. साखर. मीठ. चहा. तांदूळ. मी विचारलं, ‘हे कशाला रे?’ म्हणाला, ‘ती आली की तिला सोपं जाईल.’ मग उठून गॅसच्या बटणापाशी एक बाण काढला, बंद कुठल्या बाजूला ते दाखवणारा. तुमच्या स्वयंपाकघरात, वहिनी. मला तिथे उभं राहवेना.

वर्गात एक मुलगी आहे, तिला मी मनातल्या मनात शंकासुर म्हणते. आज तिने विचारलं, ‘मॅडम, समजा कुणाला कळलंच नाही, कुणाचं काही फारसं बिघडलंही नाही, आणि करणाऱ्याला उलट बरं वाटलं, तर ती चूक कशी?’ एरवी अशा प्रश्नावर मी टेबलावर टिचकी मारून म्हणते, ‘छान, हाच प्रश्न आहे.’ आज म्हटलं, ‘तास संपला.’ घंटा व्हायला बराच वेळ होता. मुलं एकमेकांकडे बघत बाहेर गेली.

दादाला सर्दी आहे, बाकी ठीक.

तुमची नणंद


२३ जुलै

वहिनी,

राजीनामा पाठवू नका. कारण विचारू नका, पण पाठवू नका. निदान डॉक्टर काय म्हणतात ते तरी कळू दे. एवढंच लिहायचं होतं.


२९ जुलै

वहिनी,

तुमचं उत्तर काल आलं. ते मला इतक्या वेळा वाचून पाठ झालंय, आणि पाठांतर माझं चांगलं आहे हे तुम्हाला माहीत आहे. ‘वन्सं, तुमची दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. एकात तुम्ही वाक्य दोनदा दिलंत आणि पंख्यामुळे मला ऐकू आलं नाही. दुसऱ्यात तुम्हाला विराम वाटला म्हणून उशिरा दिलंत. दोन्ही एकाच वेळी खरी कशी? खूप प्रयत्न केला, जुळवता येत नाहीत. तुम्ही तर नीटच लिहिलं असणार. बहिणीला दाखवून विचारणार होते, पण लाज वाटली. साधं घरचं पत्रसुद्धा आता मला कळेनासं झालंय. अर्ज लिहून तयार आहे, सोमवारी शाळेला पाठवते.’

वहिनी, तुमचं गणित बरोबर आहे. पत्रं जुळत नाहीत कारण दोन्ही खोटी आहेत. मी वाक्य दिलंच नाही. एकदाही नाही.

पंखा बंद होता. घसा ठणठणीत होता. माझ्या प्रतीत त्या जागी रेघ नव्हती. ती मी तुम्ही गेल्यानंतर मारली, दुसरं पत्र लिहिण्याच्या जरा आधी, म्हणजे ‘उघडून पाहिली’ असं लिहिता यावं म्हणून. कुणीही माझी प्रत तपासायला येणार नव्हतं. तरी मारली.

नाटकातला मुलगा येऊन सांगतो की तो कायमचा चाललाय, आणि तुम्ही कप उचलता. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तुम्ही थांबलात. मला त्याच क्षणी कळलं. तुम्ही विराम घेता तेव्हा तुमचे खांदे खाली येतात, त्या वेळी ते वर गेले. मग तुम्ही हळूच मान वळवून विंगेकडे पाहिलंत. माझं बोट शब्दावर होतं. ओठ उघडलेले होते. आणि मी गप्प राहिले.

का, ते सांगते. तुम्ही तापाने आजारी होता तेव्हा तालमीत तुमची जागा मी भरली. भोंगा चक्क न ओरडता बघत होता. तुम्ही परत आलात, त्याने माझं कौतुक केलं, आणि तुम्ही हसत हसत म्हणालात, ‘वन्संचं पाठांतर चोखच हो. पण आई व्हायला पाठांतर पुरत नाही.’ सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. तुमच्या मनात काही नव्हतं. मला मूल नाही, लग्न नाही, हे त्या वेळी तुमच्या ध्यानातही नसेल. मला हे तेव्हाही कळत होतं. सबब म्हणून लिहीत नाही, सबबी दोन पत्रांत संपल्या.

खरी लाज याच्या पुढे आहे. तुम्ही माझ्याकडे बघत होता, घाबरून, आणि मला बरं वाटत होतं. मनात आलं, आता कळलं ना माझ्यावाचून कसं अडतं ते. विंगेत अंधार होता, माझा चेहरा तुम्हाला दिसत नव्हता. मला तुमचा दिसत होता. मी बघत राहिले.

मग दातांच्या डॉक्टराने घाबरून दोन पानं गाळली, नाटकाचा शेंडा-बुडखा कळेना, प्रेक्षकांत कुणीतरी फिसकन हसलं. मेकअपच्या खोलीत भोंगा ओरडला, ‘प्रॉम्प्टर झोपली होती का?’ आणि माझ्या तोंडून निघालं, ‘दोनदा दिलं मी.’ किती सहज. एकदा दिलं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तुम्ही आरशातून माझ्याकडे पाहिलंत, ‘दोनदा? मला ऐकूच नाही आलं हो,’ आणि हातातला कापूस तसाच राहिला. त्या क्षणीही मला बोलता आलं असतं. तुम्ही रंग न पुसताच घरी आलात, तेव्हाही. तुम्ही बॅग भरत होता तेव्हा तर मी तुम्हाला घड्या घालून देत होते.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. गेले काही दिवस मी माझीच शिकवणी मला लावली. चूक म्हणजे लोकांनी ठरवलेली गोष्ट असेल, तर लोकांना पत्ताच नाही, ठरवणार कोण? मनाला टोचतं ते वाईट म्हणावं, तर माझ्या मनाला त्या वेळी ते गोड लागलं. परिणामावर जावं, तर त्या संध्याकाळपुरता परिणाम एवढाच, की एक हौशी प्रयोग फसला. माझ्या पुस्तकातल्या प्रत्येक वाटेने मी निर्दोष सुटते. अगदी सन्मानाने सुटते. आणि सुटून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाते, तर समोर दादाच्या अक्षरात ‘साखर’.

तुम्ही लिहिलंत, ‘साधं पत्रसुद्धा मला कळेनासं झालंय’. मी एरवी काय म्हणाले असते? तुम्हाला तसं वाटतं, मला असं वाटतं, ज्याचं त्याचं बरोबर. वहिनी, ते मला म्हणता येईना. तुम्ही चुकताय. तुमचं डोकं शाबूत आहे. आणि मी तुमचं वाईट केलं. यातलं तिसरं वाक्य पहिल्या दोन वाक्यांइतकंच खरं आहे, मला ते कबूल असो नसो, असं मला आता वाटतं. सिद्ध करून दाखवा म्हणालात तर मला येत नाही. शंकासुराला काय सांगायचं तेही ठाऊक नाही.

दादाला काल जेवताना सांगितलं. तो ताटावरून उठला. हात धुतले, फडकं ओलं केलं आणि डब्यांवरच्या पट्ट्या खरवडून काढायला लागला. मी मदतीला गेले तर म्हणाला, ‘राहू दे.’ मग म्हणाला, ‘मी रडलो होतो गं तिच्यासाठी. तू बघितलं होतंस.’ बघितलं होतं. भोंग्यालाही आज त्याच्या दुकानात जाऊन सांगितलं, दोन गिऱ्हाइकं उभी होती तरी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला. ‘ताई, हे करायला नको होतं तुम्ही.’

हे पत्र टपालाने पाठवत नाही, सोमवार गाठायचा आहे. दादा पहाटेच्या गाडीने घेऊन येतोय. तुम्ही वाचाल तेव्हा तो समोर बसलेला असेल. अर्ज त्याच्या हातात द्या, काय करायचं ते तो करील. मी बरोबर यावं असं तो म्हणाला नाही, आणि मला तोंड दाखवायचं धाडस नाही.

माफी मागत नाही. मागितली की तुम्ही देऊन टाकाल, तुमचा स्वभावच तो, आणि मी स्वस्तात सुटेन.

वाक्य मात्र द्यायचं राहिलंय. ते असं होतं: ‘चहा गार झालाय. दुसरा टाकते.’


८ सप्टेंबर

वहिनी,

एका घरात राहून पत्र लिहायचं म्हणजे कुणीही हसेल. दहा-बारा पायऱ्या उतरले की तुम्ही स्वयंपाकघरात आहात. पण तुम्ही परत आल्यापासून आपण ‘दूध आलं का’ आणि ‘खिडकी लावा’ याच्यापुढे गेलेलो नाही, आणि पुढे कसं जायचं ते मला येत नाही. म्हणून हे तुमच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवते आहे.

डॉक्टरांनी तुम्हाला काहीही झालेलं नाही म्हणून सांगितलं, तुम्ही शाळेत जायला लागलात, हे मला सगळं दादाच्या बोलण्यातून कळलं. मला थेट कळायचा हक्क नव्हताच. भोंग्याने विचारलं होतं, पुढच्या प्रयोगाला दुसरा प्रॉम्प्टर बघू का? तुम्ही म्हणालात, ‘कशाला? वन्संना नाटक पाठ आहे.’ ती माफी होती की टोमणा, यावर मी सगळा आठवडा घालवला.

कालच्या प्रयोगाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही कप उचललात आणि थांबलात. खांदे खाली होते, म्हणजे विराम. मग मला वाटलं, वर गेलेत का? प्रतीकडे पाहिलं तर तिथे रेघ, मीच मारलेली खोटी. तिच्यावरून काही ठरवता येईना. इतक्यात तुम्ही मान वळवून विंगेकडे पाहिलंत, अगदी त्या दिवशीसारखं. आणि मी ओरडले. ‘चहा गार झालाय!’ तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं असेल. लोक खो खो हसले. तुम्ही कप खाली ठेवलात, हसू विरेपर्यंत थांबलात आणि मुलाकडे बघून म्हणालात, ‘चहा गार झालाय. दुसरा टाकते.’ त्यानंतर कुणी हसलं नाही.

मेकअपच्या खोलीत मी दारातच उभी राहून विचारलं, ‘वहिनी, विसरला होतात?’

तुम्ही कापसाने कपाळ पुसत होता. म्हणालात, ‘नाही. येत होतं मला.’

मला राग आला. खरंच आला, लपवत नाही. भर प्रयोगात माणसाला असं टांगून ठेवायचं, हे बरोबर की चूक, यावर मी तिथल्या तिथे भांडले असते. तुमच्याकडून शिक्षा म्हणून मी ते स्वीकारायलाही तयार होते. तेवढ्यात तुम्ही आरशात न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, ‘पण ऐकू आलं हो. लख्ख ऐकू आलं.’

मी बाहेर येऊन सामानाच्या खोलीत जाऊन रडले. मला वाटलं होतं तुम्ही मला पारखताय. तुम्ही स्वतःला पारखत होता. डॉक्टरांनी सांगितलं, मी लिहून दिलं, दादाने पट्ट्या काढल्या, तरी तुमचा तुमच्या कानांवर विश्वास बसला नव्हता. तो परत मिळवायला तुम्हाला एवढ्या लोकांसमोर मुद्दाम गप्प उभं राहावं लागलं. तुमचे कान चांगले आहेत हे सगळ्यांच्या आधी मला माहीत होतं, वहिनी. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आजची भांडी मी घासते. तुम्ही विसळायला यायलाच हवं असं नाही.

तुमची नणंद